मॉरिशसच्या ताईला, फ्रेंचसाठी मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुझे आभार चार लोकांसमोरच मानायला हवेत असं मला कधीचं वाटतंय. आज मला फ्रेंचमध्ये एखाद्या माणसाचं वर्णन करता येतं ते तुझ्यामुळे. क्लास चांगलाच होता, पुस्तकही चांगलं होतं, पण ग्राँ (उंच), पती (बुटका), ब्लों (सोनेरी केसांचा), ब्रँ (गडद केसांचा) असे शब्द पाठ असणं वेगळं आणि समोरच्या माणसाकडे बघून धडाधड चार वाक्यं तोंडातून निघणं वेगळं, आणि हे दुसरं तू माझ्याकडून करून घेतलंस, तेही स्वतःचा एमएचा अभ्यास सांभाळून.

सगळ्यात मोठे आभार एका गोष्टीचे. तू म्हणालीस, विशेषणाचं आधी स्त्रीलिंगी रूप पाठ कर, पुल्लिंगी आपोआप येईल. पुस्तकात सगळीकडे उलटं असतं, आधी पुल्लिंगी आणि मग शेवटी एक ई जोडा म्हणजे झालं स्त्रीलिंगी. लिहिताना ते ठीक आहे गं, पण कानाला काय कळणार? ग्राँ ऐकलं तर स्त्रीलिंगीत शेवटी द येणार, ब्लाँ (पांढरा) ऐकलं तर श येणार, ग्रो (जाड) ऐकलं तर स येणार, हे त्या आवाजात कुठेच नाही. आणि उलटीकडून गेलं की किती सोपं! ग्राँद, पतीत, ब्लाँश, ग्रोस हे पाठ करायचं आणि शेवटचं व्यंजन सोडून द्यायचं, की झालं ग्राँ, पती, ब्लाँ, ग्रो. ब्र्युनचं ब्रँ होताना स्वरसुद्धा नाकात जातो, ते तू वेगळं बसवून घेतलंस, पाच-पाच वेळा म्हणायला लावून. मी आता नवीन कोणी भेटलं की पहिल्यांदा हेच सांगते.

तुला हे इतकं नीट समजावता का यायचं तेही तूच सांगितलं होतंस. घरी तुमची क्रेओल, म्हणजे फ्रेंचपासून तयार झालेली मॉरिशसची बोली, आणि क्रेओलमध्ये विशेषणं फारशी बदलत नाहीत, त्यामुळे शाळेत फ्रेंच शिकताना तुलाही हे मुद्दाम शिकावं लागलं होतं. उलट मराठीवाल्यांना हे अर्धं आधीच येतं असं तू म्हणायचीस. गोरा, गोरी, गोरं आपण बदलतोच की, आणि उंच, हुशार, लाजाळू नाही बदलत. तसंच तिकडे झन (तरुण), मँस (बारीक), तिमीद (लाजाळू) दोघांनाही चालतं, ग्राँ मात्र बदलतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून बोटीने गेलेल्या माणसांच्या पणतीने पुण्यात येऊन मला माझ्याच भाषेचं व्याकरण दाखवावं, याचं मला अजून फार अप्रूप वाटतं.

आणि मग आपल्या हॉस्टेलच्या मेसची रांग. पोळ्या येईपर्यंत तू हळूच विचारायचीस, ती कशी आहे सांग. मी मेसच्या मावशींपासून सुरुवात करायचे. एल ए पतीत, त्या बुटक्या आहेत. एल आ ले शव्हो ग्री, त्यांचे केस पिकलेत. एल पोर्त अँ सारी व्हेर, त्यांनी हिरवी साडी नेसलीय. इथे तू थांबवून सांगितलंस की फ्रेंचमध्ये साडी पुल्लिंगी, म्हणून व्हेर, व्हेर्त नाही, नेसणारी बाई असली तरी. केसांचंही तेच, शव्हो पुल्लिंगी आणि अनेकवचनी, त्यामुळे लांब केस म्हणताना ते लों त्या केसांचं ऐकणार, मावशींचं नाही. आणि डोळे मारों (तपकिरी) असतील तर त्याला अनेकवचनाचा एस लागत नाही कारण मारों हे मुळात चेस्टनट फळाचं नाव, पण काळे असतील तर न्वारला लागतो. असल्या गोष्टी पुस्तकात खाली बारीक अक्षरात असतात, पण मावशींमुळे त्या माझ्या कायमच्या डोक्यात बसल्या.

क्रियापदं तू तीनच दिलीस, एत्र (असणं), आव्ह्वार (जवळ असणं), पोर्ते (अंगावर घालणं), आणि महिनाभर चौथ्याला हात लावू दिला नाहीस. स्वभाव आणि उंची एत्रने, केस, डोळे आणि वय आव्ह्वारने, कपडे आणि चष्मा पोर्तेने. वयाला आव्ह्वार म्हणजे वय 'असतं', माणूस तितक्या वर्षांचा 'असतो' असं नाही, एवढं एकदा कळलं की बास.

अजून एक, ज्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही. आपल्याकडे वर्णन म्हटलं की पहिलं गोरी का सावळी आणि दुसरं जाड का बारीक. तू ते करू दिलं नाहीस. रागावली नाहीस, फक्त म्हणालीस की ग्रोस शब्द माहीत असू दे पण कोणाच्या तोंडावर वापरू नको, फार वाटलं तर रोंद (गोलमटोल) म्हण, आणि म्हाताऱ्या बाईला व्ह्येय (म्हातारी) म्हणण्यापेक्षा आझे (वयस्कर) म्हण. रंग सांगायचीच वेळ आली तर पो मात, म्हणजे सावळी त्वचा. पण त्याआधी माणूस हसतो का, बोलतो का, काय घालतो, मदत करतो का ते बघ. त्यामुळे माझी यादी जाँतीय (प्रेमळ), सेरियोझ (गंभीर), बाव्हार्द (बडबडी) अशा शब्दांनी भरली, आणि खरं सांगते, मी मराठीतही लोकांकडे जरा वेगळं बघायला लागले.

गर्दीत माणूस दाखवायची युक्ती तर तुझी कमालच होती. ल मस्यो ओ शापो म्हणजे आपले टोपीवाले काका, ला दाम ओ ल्युनेत म्हणजे चष्मेवाल्या बाई. इतकं सरळ! मला याचा उपयोग कुठे झाला माहितेय? अजिंठ्याला. तुला माहीतच आहे मी फ्रेंच का घेतलं, आमच्या घरी पप्पा टुरिस्ट गाडी चालवतात आणि मला लेण्यांवर फ्रेंच पाहुण्यांची गाईड व्हायचंय. सुट्टीत घरी गेले तेव्हा पहिल्या नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात सुरू केलं. इल ए बो, तो देखणा आहे. इल पोर्त उन कुरोन, डोक्यावर मुकुट आहे. इल पोर्त अँ कोलिये द पेर्ल, गळ्यात मोत्यांची माळ. इल आ ले ज्यो बेसे, नजर खाली झुकलेली. इल तियँ अँ लोत्युस ब्ल, हातात निळं कमळ. हे तियँ (धरतो) म्हणजे चौथं क्रियापद, पण तिथे त्याच्याशिवाय भागलंच नसतं. दीड हजार वर्षांपूर्वीचं चित्र आणि मला येणारी सगळी फ्रेंच त्याला पुरली! शेजारी एक कुटुंब आपसात फ्रेंच बोलत होतं, त्यातल्या छोट्या मुलीने आईला विचारलं की हातात काय आहे, आणि आईच्या आधी मीच बोलले. ती मुलगी मग मला पुढच्या मूर्तीबद्दलही विचारत राहिली.

डेल्फ ए वनची, म्हणजे फ्रेंचच्या पहिल्या पातळीची, तोंडी परीक्षाही छान झाली. सगळी मिळून ५ ते ७ मिनिटंच असते, पण २५ मार्क असतात, आणि पहिल्याच भागात घरच्यांबद्दल विचारलं. मी आईबद्दल बोलले, केस, साडी, वय आणि मग खूप वेळ तिच्या स्वभावाबद्दल. परीक्षक मॅडम मान हलवत होत्या, आणि मला आतून एकदम शांत वाटत होतं.

आता पुढची पातळी, ए टू, सुरू केलंय आणि त्यात तुलना आलीय, ही तिच्यापेक्षा उंच वगैरे, त्यामुळे तुला परत फोन करून त्रास देणार आहे हे नक्की. हॉस्टेलवर फर्स्ट इयरच्या दोघी फ्रेंच घेतायत, त्यांना मी रात्री जेवताना मेसमध्येच शिकवते, आणि मावशींनाही ते आवडतं, त्या विचारतात आज माझ्याबद्दल काय म्हणालात. तुझ्या घरच्यांना, विशेषतः आजींना माझा नमस्कार सांग, गणपतीला फोन करते.

तुझीच,
शेजारच्या रूममधली