जिभेखालची गोळी

प्रिय मित्रा,

गर्द सोडवण्यासाठी दिलेली जिभेखालची गोळी तू विरघळवून शिरेत टोचतोस, असं परवा फोनवर तू सांगितलंस आणि मी "बरं" म्हणून विषय बदलला. तुला ते लागलं असणार. राग नव्हता रे. तू बोलत होतास तेव्हा माझं लक्ष माझ्याच डाव्या हाताकडे गेलं आणि पुढे शब्दच फुटेना. म्हणून आता लिहितोय. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, हाही एक फायदाच.

तुझं म्हणणं असं, की गर्द तर सुटलं, ही डॉक्टरनेच दिलेली गोळी आहे. जिभेखाली ठेवली काय नि शिरेत घेतली काय, औषध तेच. अगदी हेच मी स्वतःला तीन वर्षं पटवत होतो. पाकीटबंद आहे, वर तारीख छापलीय, यात भेसळ कुठून येणार!

भेसळ नसते, पण ती गोळी तोंडासाठी केलेली असते. 8 मिलिग्रॅमच्या गोळीत ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दची ओढ भागवणारं खरं औषध, 8 मिलिग्रॅम, आणि गोळीचं वजन त्याच्या कितीतरी पट. उरलेलं काय? स्टार्च, लॅक्टोज, मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे गोळीला आकार देणारा माल. पोटात गेला तर त्याचं काही नाही. शिरेत गेला की हृदयाच्या उजव्या बाजूने सरळ फुप्फुसात जातो. तिथल्या केशवाहिन्यांतून न विरघळलेले कण पुढे सरकत नाहीत, तिथेच अडकतात, आणि शरीर त्यांच्याभोवती बारीक गाठी धरतं. हे साचत गेलं की फुप्फुसातला रक्तदाब वाढतो आणि माणूस दोन जिने चढून कठडा धरून उभा राहतो. "मी गाळून घेतो" असं तू म्हणालास. कापसात अडकतो तो डोळ्याला दिसणारा चुरा. बाकीचं पार होतं, जंतू तर होतातच.

मी घड्याळ उजव्या हातात का घालतो, असं तू एकदा विचारलं होतंस. सवय, म्हणालो होतो. खोटं होतं ते. डाव्या मनगटाला पट्टा पुरतच नाही. पंजाची पाठ अशी फुगलीय की मूठ वळली तरी बोटांची हाडं वर येत नाहीत. अंगठ्याने दाबून बघ, खड्डासुद्धा पडत नाही. सकाळी शर्टाची वरची बटणं एका हातानेच लावतो. डॉक्टर याला 'पफी हँड' म्हणतात. शिरांच्या जोडीने लसिकावाहिन्याही खराब होतात, मग पाणी हातातून वर जायला वाटच राहत नाही. सुई सोडून किती वर्षं झाली, हात उतरलेला नाही. आता उतरणारही नाही. फ्रान्समध्ये ही गोळी 1996 पासून मोठ्या प्रमाणावर मिळू लागली, तिथल्या डॉक्टरांनी असे हात पुष्कळ पाहिलेत.

आणि माझं थोडक्यात निभावलं म्हणायचं. मी वॉर्डात होतो तेव्हा शेजारच्या खाटेवर एक पोरगा होता. पंधरा दिवस ताप, अंग मोडून येतंय, त्याला वाटलं टर्की लागलीय, म्हणजे गर्द न मिळाल्याचा त्रास. निघालं हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन. कातडीवरचे जंतू सुईबरोबर आत गेले होते. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं ठरलं, आणि नर्सला त्याच्या अंगावर धड शीर सापडेना. शेवटी मानेतून नळी घातली. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तू दवाखान्यात दिलेली गोळी तोंडात धरून ठेवतोस आणि बाहेर येऊन काढतोस ना? तोंडात कँडिडा नावाची बुरशी असते. लाळेबरोबर ती रक्तात जाते आणि डोळ्यात जाऊन बसते. अशाने नजर गेलेले लोक आहेत. शीर चुकली आणि औषध धमनीत गेलं तर बोटं काळी पडतात, कापावीही लागतात. दुसऱ्याची सुई, पाणी, चमचा वापरलास तर हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही, ते तुला पाठ आहेच.

बऱ्याच गोळ्यांत नालोक्सोन, म्हणजे गर्दचा परिणाम तोडणारं औषध, मिसळलेलं असतं, चारास एक या प्रमाणात. जिभेखाली त्याचा परिणाम नगण्य. शिरेतून गर्दवाल्याला मात्र ते टर्कीत लोटतं. तू आधीच ब्युप्रेनॉर्फिनवर असल्यामुळे तुला फारसं जाणवलं नाही, एवढंच. त्यावरून आपल्याला काही होत नाही असं समजू नकोस.

सगळ्यात जास्त भीती मला तुझ्या झोपेच्या गोळ्यांची वाटते. ब्युप्रेनॉर्फिन एकटं असेल तर श्वास मंदावण्याला एक मर्यादा असते. त्यात झोपेची गोळी किंवा दारू आली की ती मर्यादा राहत नाही. माणूस घोरता घोरता निळा पडतो, आणि शेजारचा समजतो गाढ झोपलाय.

आता तू घाबरून गोळीच बंद करशील, तर ते आणखी वाईट. सवय मोडलेल्या शरीराने पुन्हा गर्द घेतलं की जुना डोसही जीव घेतो. गोळी चालू ठेव, सुई बंद कर.

मी का टोचायचो ते मला फार उशिरा कळलं. पहिल्या डॉक्टरला हाताच्या खुणा दिसल्या तेव्हा तो चारचौघांत ओरडला, तेव्हापासून मी लांब बाह्या घालायला लागलो. दुसऱ्या बाईंनी नुसतं विचारलं, "सकाळची गोळी रात्रीपर्यंत पुरते का?" नव्हती पुरत. दुपारी चारलाच जांभया, नाक गळणं, पायात कळा. डोस वाढवला आणि दोन महिन्यांत सुईची ओढ निम्म्यावर आली. नुसत्या हाताच्या चाळ्याची जी तलफ होती, ती मात्र वर्षभर छळत होती, ते लपवत नाही. महिन्यातून एकदा कातडीखाली देतात ते इंजेक्शनही काही ठिकाणी मिळतं, त्याचंही विचार. तेसुद्धा दवाखान्यातच टोचतात, कारण शिरेत गेलं तर त्याचा घट्ट गोळा होतो.

गुरुवारी मी येतो. दोघं मिळून जाऊ, हवं तर बोलायचं मी बोलेन, तू फक्त बाह्या वर कर. पण तोवर थंडी वाजून ताप आला, टोचल्या जागी लाल होऊन ठणकायला लागलं किंवा डोळ्यापुढे धूसर दिसायला लागलं, तर गुरुवारची वाट बघत बसू नकोस. तसाच ऊठ, दवाखान्यात जा, आणि वाटेतून मला फोन कर.

तुझाच,
उजव्या हातात घड्याळ घालणारा