आत्येला नाव शोधून देणाऱ्यांचे आभार

गोवा मुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 ला, भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. सगळे घरात दडले, आणि अकरा वर्षांचा माझा काका टेकडीवर पळाला, विमानं बघायला! पुढे तो हवाई दलातच गेला. डिसेंबर 1971 च्या युद्धात मारला गेला. तार इंग्रजीत होती. शेजारच्या मास्तरांनी ती आजीला वाचून दाखवली.

गेल्या महिन्यात आत्येला दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नेलं. तिथल्या त्यागचक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर शहीद जवानांची पंचवीस हजारांहून जास्त नावं. नाव शोधायच्या डिजिटल पडद्यावर काकाचं नाव सापडेना. आमच्या आडनावाचं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, दुसरं काय! ड्यूटीवरच्या जवानाने चार तऱ्हांनी टाइप करून पाहिलं, मग स्वतः भिंतीपर्यंत आला. आत्ये रडली नाही. चष्मा पुसून एकेक अक्षर लावत कोंकणीत म्हणाली, "सारकें बरयलां." म्हणजे, बरोबर लिहिलंय.

त्या जवानाचं नाव विचारायचं राहून गेलं. उन्हात आत्येवर छत्री धरून उभी राहिलेली कॉलेजची मुलगी, गोवा एक्सप्रेसमध्ये खालचा बर्थ सोडणारा वास्कोचा मुलगा, तुमचीही नावं ठाऊक नाहीत. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आत्येने तुमच्यासाठी देवापुढे नारळ ठेवलाय.