एबीएसचा दिवा: युनिट बदलण्याआधी एवढं बघा

स्टुटगार्ट

ती. बाबा,
सा. न.

आई फोनवर म्हणाली, गाडीचा एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा विझत नाही आणि गॅरेजवाला अख्खं युनिट बदलायला सांगतोय. लगेच हो म्हणू नका. दिवा पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बदलल्यावरच लागला ना? मग संशय आधी त्याच चाकावर.

तुमच्या गाडीच्या बेअरिंगला एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी आहे. चाक फिरताना सेन्सर त्या पट्टीवरून वेग ओळखतो. बेअरिंग उलटं बसवलं तरी चाक सुरेख फिरतं, आवाज नाही, काही नाही. सेन्सर मात्र आंधळा होतो.

शेजारच्या दादाकडे स्कॅनर आहे, पण तो एबीएसचे बिघाडाचे कोड वाचतो का, ते विचारा. स्वस्तातले बरेच फक्त इंजिनचे वाचतात. मग सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर त्याला सावकाश गाडी चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसून चारही चाकांचा वेग बघा. तीन चाकं दहा-बारा दाखवतात आणि एक शून्यावर, म्हणजे चोर सापडला. तरी बेअरिंगआधी सेन्सरची वायर आणि कनेक्टर तपासा. काम करताना ओढली जाते. चाक काढायचं तर गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही.

तुमच्या लाडक्या मल्टिमीटरला मात्र सुट्टी. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा रोध मोजून काही कळायचं. या नव्या सेन्सरचा मोजून निदान होत नाही, झालं तर नुकसानच.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ शकतं आणि मग स्टिअरिंग वळवून उपयोग नसतो. त्यामुळे पावसात गायमुखच्या घाटाकडे जाऊच नका. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी जागची हलवू नका. आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा.

बेअरिंग उलटंच निघालं तर नवं लागेल, कारण काढताना ते सहसा खराब होतं. त्याचे पैसे गॅरेजवाल्यानेच द्यायचे. हे बोलायला आईला पाठवा, तुम्ही भिडेपोटी खिशात हात घालाल.

तुमची,
मनू