डॉन किहोते आपटतो, विनोद कुठे असतो?

मा. संपादक, स. न.

चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहिलेल्या सातारकराला डॉन किहोतेची, म्हणजे वीरकथा वाचून स्वतःला शूर सरदार समजणाऱ्या स्पॅनिश कादंबरीतल्या गृहस्थाची, चक्क्यांशी झालेली लढाई लगेच डोळ्यांपुढे येते. चित्र मात्र थोडे बदलावे लागते. स्पेनमधल्या ला मांचा प्रांतातल्या चक्क्या वीज नव्हे, पीठ करत. लाकडी चौकटीवर कापड ताणलेली त्यांची चार पाती किहोतेला राक्षसाचे हात वाटतात. सर्वांतीसच्या कादंबरीच्या दोन भागांत (१६०५ आणि १६१५) मिळून १२६ प्रकरणे आहेत. ही लढाई आठव्यातली दोन-तीन पाने. संक्षिप्त आवृत्त्या बहुधा तिच्यावरच भर देतात आणि त्यातलेही आपटणे तेवढे ठेवतात. हसू आपटण्यात नाहीच. ही पाती आहेत, हात नव्हेत, असे त्याचा सेवक सांचो आधीच बजावतो. पडल्यावर मालक म्हणतो, माझे ग्रंथ पळवणाऱ्या जादूगारानेच राक्षसांच्या चक्क्या केल्या. हे उत्तर कापले की विचार करणारा माणूस जातो, नुसता वेडा उरतो.

लेपांतोच्या लढाईत (१५७१) डावा हात निकामी झालेला आणि पुढे अल्जियर्सला पाच वर्षे कैद भोगलेला हा लेखक विनोद चवीपुरता घालत नाही.

पितळी भांड्याचा प्रसंग पाहा. पावसामुळे न्हाव्याने डोक्यावर घेतलेले हजामतीचे भांडे किहोतेला वीरकथांतल्या मांब्रिनो राजाचे सोन्याचे शिरस्त्राण वाटते. पुढे मुसाफिरखान्यात त्यावरून भांडण जुंपते तेव्हा सांचोच्या तोंडून नवाच शब्द निघतो: 'बासियेल्मो', म्हणजे भांडे आणि शिरस्त्राण एकत्र. मालकालाही खोटे पाडायचे नाही, स्वतःच्या डोळ्यांनाही नाही. मराठीत 'भांडे-शिरस्त्राण' लिहिले तर जीभ अडखळते आणि हसू विरते. तसराळे आणि टोप मिळून 'तसराटोप' आम्हाला जवळचा वाटतो. तो एका दमात बोलता येतो.

जाहीर वाचन करणाऱ्यांनी दोघांची भाषा वेगळी ठेवलीच पाहिजे. किहोते जुन्या वीरकथांतली भाषा बोलतो. तिला बखरीची वळणे चालतील, मराठेशाहीतले किताब नकोत. सांचो माण-खटावच्या बोलीत खुलेल, पण ती त्याची टर उडवायला वापरू नये. बारातारिया नावाच्या 'बेटा'चा कारभार हाती आल्यावर काठीत दडवलेली दहा सुवर्णनाणी ओळखून निवाडा करणारा हाच. त्याच्या म्हणी एकेकट्या पेरल्या तर फुकट जातात. चार-पाच एका दमात आल्या तरच मालकाचा वैताग खरा वाटतो. 'दुरून डोंगर साजरे' चालेल, 'गाढवापुढे वाचली गीता' नाही. ला मांचाचा शेतकरी गीता कुठून आणणार?

सर्वांत जास्त चुकते ते शेवटचे प्रकरण, दुसऱ्या भागातले चौऱ्याहत्तरावे. किहोते शुद्धीवर आलेला असतो आणि सांचो रडत विनवतो: मरू नका, उठा, मेंढपाळांचे कपडे करून रानात जाऊ. मालकाचे वेड आता त्याच्या तोंडी आलेले असते. इथे वाचणारे आवाज कातर करतात. तसे करू नये. सांचोची रोजचीच बोली, रोजच्याच वेगात ठेवावी.

– स्पॅनिश साहित्याचे काही वाचक, सातारा