बातमीत कॅप्टनचं नाव कुठं गेलं?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या हप्त्यात तुमच्या पेपरात तालुका कबड्डीची बातमी आली, आमच्या गावच्या पोरी पहिल्या आल्या. फोटोत पुढं सोफ्यावर सहा पाहुणे, शाल, श्रीफळ सगळं, अन् पोरी मागं, दोघींचं तं फक्त कपाळच दिसून राहिलं. नावं पाहुण्यांची सगळी, अध्यक्षापासून आभार मानणाऱ्यापर्यंत. पोरींचं काय, तर "विद्यार्थिनींनी यश मिळवले". कॅप्टन माझी पुतणी. तिनं ते दोनदा वाचलं अन् पेपर घडी करून ठेवून दिला, बोलली काहीच नाही.

रात्री तिनंच मोबाईलवर मला कर्लिंग नावाचा खेळ दाखवला. बर्फावरून वीस किलोच्या आसपासचा ग्रॅनाईटचा दगड सरकवायचा, त्याच्यापुढं दोघी ब्रशनं बर्फ घासत पळतात, घासलं की दगड लांब जाते अन् सरळ जाते. मी म्हटलं बाप्पा, हे तं अंगण झाडणं झालं. पण त्यातली कॅप्टन, तिला स्किप म्हणतात, ती पलीकडच्या टोकाला उभी राहून दगड कुठं टाकायचा, किती घासायचं, कधी थांबायचं ते सांगते, अन् शेवटचे दोन दगड बहुतेक तिच्याच वाट्याला येतात, म्हणजे चुकलं तर सगळ्यांदेखत तिचंच चुकते. म्हणूनच तिथं टीमला नावच स्किपच्या आडनावानं पडते.

कोरियाची स्किप किम उन-जंग घ्या. आमच्याकडं जसा संत्रा तसा तिच्या गावाकडं, उइसॉंगला, लसूण. शाळेत असताना खेळ शिकली, मैत्रीण योंग-मीला ओढून आणलं, योंग-मीची बहीण सामान द्यायला म्हणून आली अन् तीही राहिली. (टीममधल्या पाचही जणी किमच, म्हणजे टीम किम नेमकी कोणाची हे भांडणच नाही.) २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकात सेमीफायनलला जपानला ८-७ नं हरवलं, फायनलला स्वीडनपुढं हरल्या अन् सिल्व्हर घेऊन आल्या. उन-जंग चष्मा लावलेली, चेहऱ्यावर काही दाखवायची नाही, पण "योंग-मी!" अशी हाक मारायची की वावराच्या धुऱ्यावरून आमची माय मारायची तशी, नुसत्या आवाजावरून कळावं की पळ का थांब.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ह्याच पोरींनी आपल्याच प्रशिक्षकांविरुद्ध क्रीडा संघटनेला पत्र लिहिलं, बक्षिसाचे पैसे मिळत नाहीत, वागणूक वाईट, अन् सरकारी चौकशीत त्यांचंच खरं निघालं. मंग उन-जंगला लेकरू झालं, ती परत खेळायला आली, २०२२ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपात पुन्हा सिल्व्हर.

आता जिल्ह्याचे सामने आहेत. जागा कमी पडत असन तर शाल-श्रीफळाची एक ओळ कापा. पुतणीचं नाव मी इथं मुद्दाम लिहिलं नाही, तुमच्या माणसानं मैदानावर येऊन तिलाच विचारावं.

तिची काकू,
ता. वरूड, जि. अमरावती