रोज एक रुपया साठ पैशांचा विमा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. २०१९ ला निवृत्त झालो. पेन्शन भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेची, महिना ३,०८७ रुपये. हा आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढचे आकडे वाचताना तो लक्षात राहील. जुळे सोलापुरात आमचं साडेसहाशे चौरस फुटांचं घर आहे, त्यात आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, लांबोटीजवळ पुणे रस्ता बंद पडला, हे सगळं आपल्याकडे छापून आलंच आहे. त्याच महिन्यात एका रात्री आमच्या कॉलनीमागचा नाला भरला आणि पाणी मागच्या दारानं स्वयंपाकघरात आलं. सौ.नं आधी पिठा-डाळीचे डबे ओट्यावर चढवले. मी फ्रीजला हात घातला, तर तो आम्हा दोघांना मिळून हलेना. पहाटे पाणी गुडघ्याखाली चार बोटं होतं. ते ओसरल्यावर पाहिलं, तर दिवाणाचं प्लायवूड भिजवलेल्या पावासारखं फुगलेलं, फ्रीज आणि वॉशिंग मशीन मुकाट, मागची कंपाउंडची भिंत शेजाऱ्यांच्या अंगणात आडवी. गंमत म्हणजे नळाला त्या दिवशी पाणी नव्हतंच. आमची पाळी चौथ्या दिवशी येते.

तरी मी निर्धास्त होतो, कारण घराचा विमा आहे अशी माझी समजूत. २००२ मध्ये कर्ज काढलं तेव्हा बँकेनं विम्याचा हप्ता एकरकमी कर्जातच मिळवला होता. कपाटाच्या खालच्या खणातून ती फाईल काढली, तीही भिजलेली. पॉलिसीची मुदत कर्जाइतकीच होती, २०१७ पर्यंत. कर्ज फिटलं त्या दिवशी मी बँकेत पेढे वाटले होते. त्यांनी घराचे कागद परत दिले, हात जोडले, पण विमाही संपला हे कुणी बोललं नाही, आणि मीही वाचलं नव्हतं. रोज विदाऊट तिकीट प्रवासी पकडणाऱ्या माणसाचा तोरा मिरवत आठ वर्षं मी स्वतःच विदाऊट बसलो होतो.

मग विमा शोधायला निघालो. आधी अर्थात पेन्शन जमा होते त्या बँकेत. तिथला मुलगा नम्र होता. "काका, बसा," म्हणाला, चहा मागवला आणि कॉम्प्युटरवर घराची किंमत अडतीस लाख टाकली. त्यात चोरी, दागिने, टीव्ही, अपघात असं बरंच जोडलं. हप्ता आठ हजार, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण ९,४४० रुपये वर्षाला. म्हणजे माझी तीन महिन्यांची पेन्शन देऊनही पावणेदोनशे रुपये कमी पडतात. मी चहा पिऊन उठलो.

त्या अडतीस लाखांत खरी मेख होती, ती मला पुढे कळली. एका सरकारी विमा कंपनीच्या कार्यालयात गेलो, तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, जागा वाहून जाणार आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग जागेचा विमा कशाला?" घर पडलं तर ते पुन्हा बांधायला जो खर्च येईल तेवढ्याचाच विमा घ्यायचा असतो. जुळे सोलापुरात आज जागेला काय भाव आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. साडेसहाशे चौरस फूट, बांधकाम खर्च आमच्याकडच्या साध्या कामाला चौरस फुटामागे १,९०० धरला, झाले १२ लाख ३५ हजार. हप्ता निघाला ४९४ रुपये. जीएसटी धरून ५८३. कंडक्टरच्या डोक्यात आपोआप भागाकार होतो: रोजचे एक रुपया साठ पैसे.

या पॉलिसीचं नाव 'भारत गृह रक्षा'. १ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती ठेवावीच लागते, आणि शब्दरचना सगळीकडे तीच असते. त्यामुळे कंपन्यांची तुलना करायची ती फक्त हप्त्याची. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं. (चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या गावात गच्चीवर दोन-दोन हजार लिटरच्या टाक्या असतात, म्हणून हे शेवटचं कलम मी मॅडमना दोनदा वाचायला लावलं.) कंपाउंडची भिंतही घरातच धरतात. शिवाय घरातल्या साध्या सामानाला बांधकामाच्या रकमेच्या वीस टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल दहा लाखांपर्यंत. माझ्या बाबतीत ते २ लाख ४७ हजार. फ्रीज, मशीन, दिवाण त्यात बसून वर उरतं. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याचीही सोय आहे. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची एकदम घेता येते. मी एकाच वर्षाची घेतली, एकदम भरायला तेवढे पैसे नव्हते म्हणून.

काय येत नाही तेही सांगायला हवं. नुसती घरफोडी येत नाही. आग-पुरासारखी घटना घडली आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरतात. भिंतीला वर्षानुवर्षं ओल येऊन प्लॅस्टर सुटलं, तर तो तुमचा प्रश्न. दागिने वेगळे, त्यांचा हप्ता वेगळा. सौ.च्या दोन बांगड्या मी त्यात घातल्या नाहीत, त्यावरून घरात थोडं बोलणं झालं. आणि शहराच्या पूर्व भागातल्या माझ्या जुन्या सोबत्यांना खास सांगणं: पुढच्या खोलीत यंत्रमाग चालत असेल, सूत-चादरी रचलेल्या असतील, तर ते अर्जात लपवू नका. माग आणि माल म्हणजे घरसामान नव्हे, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. राहतं घर आणि कारखाना एका आवारात असला की आग काय करते, हे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत १८ मे २०२५ ला आपण पाहिलं. आठ माणसं गेली.

आता माझा सवाल. पाचशे रुपयांत मिळणारी ही गोष्ट मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, घरात पाणी शिरल्यावर, दुसऱ्या दारात कळते, ती का? उत्तर मला त्या चहातच सापडलं. पाचशेच्या हप्त्यात एजंटाला काय सुटणार? त्याचं पेट्रोलही निघत नाही. म्हणून तो नऊ हजारांचं पॅकेज दाखवतो. म्हातारा घाबरून "नको बाबा" म्हणतो, आणि घर बिनविम्याचं राहतं. मी एजंटाला दोष देत नाही, तोही पोटासाठीच फिरतो.

एसटीत १ एप्रिल २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधीला घ्यायला लागलो. पहिले काही दिवस प्रवाशांनी त्या रुपयावरून आमचं डोकं खाल्लं. अपघातात माणूस गेला तर घरच्यांना दहा लाखांपर्यंत मदत मिळते, हे कळल्यावर कुरकुर थांबली. तो रुपया विकायला एजंट लागला नव्हता. तिकिटातच होता. घराच्या विम्याला असं तिकीट कुठलं? माझ्या मते घरपट्टीचं बिल. ते प्रत्येक घरात जातं. महापालिकेनं विमा विकावा असं मी म्हणत नाही. बिलाच्या पाठीमागची जागा कोरीच असते, तिथं या पॉलिसीचं नाव आणि बांधकाम खर्चाचा तो हिशोब छापावा, एवढंच.

कुणी म्हणेल, सरकार मदत देतंच की. देतं, पण नियम पाहा: सपाट प्रदेशातलं पक्कं घर पूर्ण कोसळलं तर १ लाख २० हजार, थोडं पडलं तर साडेसहा हजार. माझी फक्त भिंत परत उभी करायला गवंड्यानं बावीस हजार सांगितले.

दुसरं मागणं दिल्लीकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य केला. चांगलं झालं. पण घराच्या विम्यावर अठरा टक्के तसाच राहिला. नेमका त्याच आठवड्यात सीना गावांत शिरत होती. माझे ८९ रुपये माफ झाल्यानं सरकारचं काय अडणार आहे?

भूकंपाचं कलम पाहून एक-दोन मित्र हसले. सोलापुरात कसला भूकंप, म्हणे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी तुळजापूरच्या पुढे एका खेड्यात मुक्कामी गाडीवर होतो. चारच्या सुमाराला गाडी हलली. ड्रायव्हर झोपेतच ओरडला, "कोण ढकलतंय रे?" आम्ही खाली उतरलो. ढकलणारं कुणीच नव्हतं, फक्त सगळ्या गावातली कुत्री एकदम भुंकत होती. किल्लारीचं उजाडल्यावर कळलं.

ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी हे पत्र बाजूला ठेवून आधी जुनी फाईल काढावी आणि पॉलिसीवरची शेवटची तारीख पाहावी. बँकेत जाताना हिशोब आपला आपण करून जावा, चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) गुणिले बांधकामाचा दर. समोरच्यानं जागेची किंमत धरली की हिशोबाचा तो कागद पुढे सरकवावा. दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. आपल्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

आमची नवी पॉलिसी सौ.नं दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, दोऱ्यानं बांधून माळ्यावर ठेवली आहे. भिंतीवरची पाण्याची रेघ मात्र अजून तशीच आहे. रंगाचे पैसे पुढच्या महिन्यात.

आपला,
एक निवृत्त वाहक, जुळे सोलापूर