चष्मेबद्दूर आधी टीव्हीवर झाला होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिंदी सिनेमातल्या बायका दिग्दर्शकांवर लेख आलाय, तो मी आवडीनं वाचला, पण सई परांजपेंबद्दल त्यात जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की त्यांची कारकीर्द १९८० च्या स्पर्श सिनेमापासून सुरू झाली. अहो, स्पर्श आला तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या आणि तोवर रेडिओ, नाटक आणि टीव्ही मिळून इतकं काम झालेलं होतं की दुसऱ्या कोणाचं तेवढ्यावरच अख्खं पुस्तक झालं असतं.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. माझं लहानपण दिल्लीत गेलं, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या पंजाबी काकूंकडे होता, लाकडी शटरचा. संध्याकाळी त्या शटर सरकवायच्या आणि आम्ही सगळी पोरं खाली सतरंजीवर, आया मागे मोड्यांवर. पुढे आम्ही पुण्यात आलो आणि १९८१ ला आईबरोबर सईंचा चष्मेबद्दूर बघायला गेले, सुरवातीलाच एक सिगरेट तिघा मित्रांत फिरते तिथे सगळं थिएटर हसत होतं आणि आई माझा हात दाबून म्हणाली, "अगं, हे मी बघितलंय! दिल्लीला, काकूंकडे." मला वाटलं आईचा काहीतरी घोळ होतोय, नवा कोरा सिनेमा ही आधी कुठून बघणार? मी तिला गप्प बसवलं.

घोळ काहीच नव्हता. चष्मेबद्दूर व्हायच्या आधी सईंनी दिल्ली दूरदर्शनसाठी तीच गोष्ट धुआँ धुआँ नावानं केली होती. आणि ज्या स्पर्शला तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले (सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, नसीरुद्दीन शाहांना अभिनयाचा आणि सईंना पटकथेचा) त्याचीही टीव्हीवरची आधीची आवृत्ती होती, रैना बीती जाए. म्हणजे आपण ज्या दोन सिनेमांवरून त्यांना ओळखतो ते दोन्ही टीव्हीच्या पोटी जन्मले. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं तेव्हा आई नव्हती, तिला सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

तर टीव्हीवरची त्यांची कामगिरी आता सांगतेच. पुण्यात आकाशवाणीवर निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम, मग दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुन्हा पुण्यात मुलांची नाटकं आणि मग दिल्ली दूरदर्शन. तेव्हा टीव्हीचा स्टुडिओ संसद मार्गावर आकाशवाणी भवनातच होता, टीव्ही हा रेडिओच्या घरातला भाडेकरूच म्हणा ना, १९७६ ला दूरदर्शन वेगळं झालं. १९७२ साली त्यांनी टीव्हीसाठी द लिटल टी शॉप केली, तिला तेहरानला आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा उद्घाटनाचा कार्यक्रम करायला कोणाला निवडलं, तर सई परांजपेंना! मराठी माणसाच्या घरात टीव्ही आला त्याच्या पहिल्या संध्याकाळशी या बाईंचं नाव जोडलेलं आहे आणि आपल्या पानभर लेखात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

एक गोष्ट आणखी आहे. दूरदर्शनच्या नोकरीत नाटक बसवणाऱ्या, कॅमेरे लावणाऱ्या माणसाच्या पदाचं नाव प्रोड्यूसर असायचं. सिनेमावाल्यांच्या भाषेत प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा, त्यामुळे दिग्दर्शनाचं श्रेय तिथेच अर्धं हरवलं असं मला वाटतं. काम मात्र शंभर टक्के दिग्दर्शकाचं. स्टुडिओत दोन-तीन कॅमेरे, वर पॅनलवर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, दिग्दर्शक समोरच्या मॉनिटरकडे बघत कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते त्या क्षणाला ठरवतोय, खाली फ्लोअर मॅनेजर कानाला हेडफोन लावून नटाला हातानं क्यू देतोय, आणि टेप कापून जोडणं सोपं नसल्यानं मोठमोठे तुकडे सलग रेकॉर्ड व्हायचे. नट चुकला की बरेचदा मागून सगळं परत. म्हणजे नाटकाइतकी तालीम हवी आणि सिनेमाइतकी नजर हवी, आणि खर्चायला जवळजवळ काहीच नाही.

ही तालीम त्यांच्या सिनेमात दिसते. चष्मेबद्दूर मधला तो चमको साबणाचा सीन आठवा. दार वाजतं, दीप्ती नवल वॉशिंग पावडर विकायला आलेली, फारूख शेख दार उघडतो, मग बादली, पाणी, मळका टॉवेल, फेस. एक खोली आणि दोन माणसं, तीही एकमेकांना लाजणारी. डोंगर नाही, बाग नाही, पावसात भिजणं नाही. तिला टॉवेल धुवून दाखवायचाय आणि त्याला ती जाऊ नये असं वाटतंय, एवढ्यावर सगळा सीन उभा आहे. हा मोठ्या पडद्याचा विचारच नाही हो, हा काकूंकडच्या त्या छोट्या पडद्याचा विचार आहे, जिथे लांबचा माणूस मुंगीएवढा दिसायचा म्हणून कॅमेरा चेहऱ्याजवळ न्यावाच लागायचा आणि चेहऱ्यावर काही घडत नसेल तर बघणारा उठून चहा टाकायला जायचा. लोक म्हणतात सईंच्या सिनेमात घरगुतीपणा आहे. तो टीव्हीतून आलाय असं माझं ठाम मत आहे.

बरं सिनेमात नाव झाल्यावर त्यांनी टीव्हीकडे पाठ फिरवली असंही नाही. त्यांचा कथा हा सिनेमा १९८३ चा, आणि लगेच १९८४ ला अडोस पडोस, १९८५ ला छोटे बडे या मालिका. तेव्हा आमच्या वाड्यात दोनच टीव्ही होते आणि अडोस पडोसच्या वेळी अमोल पालेकरांना बघायला दोन्हीकडे गर्दी. आपल्या लेखात ही वर्षं 'दोन सिनेमांच्या मधला काळ' म्हणून सोडून दिली आहेत. मधला काळ कसला, ती कामाचीच वर्षं होती, आणि सिनेमाला गेले नसते असे कितीतरी लोक तेव्हा त्यांचं काम बघत होते.

हे फक्त सईंचं नाही. विनय आपटे २०१३ च्या डिसेंबरात गेले, त्यांचा आवाज आणि करारी भूमिका सगळ्यांना आठवतात. आभाळमाया म्हटलं की सुकन्या कुलकर्णी आठवतात, अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज आठवतो, पण ती मालिका आपटेंनी दिग्दर्शित केली होती हे माझ्या भिशीतल्या बारा जणींपैकी दोघींना माहीत होतं, मी मुद्दाम विचारलं. विजया मेहतांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांवर टीव्हीसाठी केलेलं काम, त्यात सुहास जोशी, ते तर आता नावानंही कोणी काढत नाही. आणि हल्लीच्या मालिकांचे दिग्दर्शक? शेवटची नावं अशी धावत जातात की चष्मा लावेपर्यंत संपतात.

चष्मेबद्दूरची प्रिंट २०१३ ला नीट करून पुन्हा थिएटरला लागली, मी मुलीला घेऊन गेले, फार आनंद झाला. त्या आनंदातच घरी येऊन धुआँ धुआँ शोधायला बसले. मिळालं नाही. तेव्हापासून अधूनमधून शोधते, रैना बीती जाए सुद्धा, माझ्या हाती काही लागलेलं नाही. त्या काळी टेप महाग होती, जुनं पुसून त्यावरच नवं रेकॉर्ड करायची पद्धत जगभर होती, लंडनच्या बीबीसीनंसुद्धा डॉक्टर हू या मालिकेचे कितीतरी भाग असे घालवले. पण तिकडचे प्रेक्षक गेली कित्येक वर्षं ते शोधतायत, परदेशी स्टेशनांकडून आणि लोकांच्या संग्रहातून मिळवतायत, आणि मिळाला एखादा तर पेपरात बातमी होते. आपल्याकडे हरवलंय हेच आधी कोणी लिहीत नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. एक, त्या लेखाला दुरुस्ती छापा, चार ओळींची चालेल, पण १९७२ आणि २ ऑक्टोबर त्यात हवं. दुसरी, टीव्हीच्या पॅनलवर बसून ज्यांनी नाटकं आणि मालिका केल्या ती माणसं, त्यांचे फ्लोअर मॅनेजर, कॅमेरामन, आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना गाठा, बोलतं करा, दर रविवारी अर्धं पान द्या. आणि वाचकांनाही विचारा, कोणाच्या माळ्यावर जुनी व्हीएचएस कॅसेट, दूरदर्शनचं छापील वेळापत्रक, शूटिंगचा एखादा फोटो पडलेला असेल. माझ्याकडे आईची एक वही आहे, हिशोबाची, त्यात मागच्या पानांवर ती टीव्हीवर बघितलेल्या नाटकांची नावं लिहायची, पेन्सिलीनं, पुढे आवडलं असेल तर फुली. ती वही द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक जुनी वाचक, सदाशिव पेठ, पुणे